पानांवर मोजलेलं गाव

चांदा

वडील पोस्टात होते, त्यामुळे आमच्या घरी जगातल्या बहुतेक देशांची तिकिटं होती. थोरल्या भावांनी मोठमोठे देश आपसांत वाटून घेतले. मी धाकटी, त्यातून मुलगी, म्हणून माझ्या वाट्याला नकाशावर बोटाखाली झाकले जाणारे देश आले. पोपचं राज्य, डोंगरमाथ्यावरचं सान मारिनो, समुद्राकाठचं मोनॅको. मी तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतं असं आई सांगायची. पुढं मात्र या चिमुकल्या देशांनी मला असा लळा लावला, की भूगोलाची शिक्षिका होऊन चांद्याच्या मुलींच्या शाळेत लागल्यावरही मी गंगेच्या खोऱ्यापेक्षा यांच्यावरच जास्त बोलायची. मुलीही हुशार. बाईंना धडा पुढं न्यायचा असेल तेव्हा एखादी हळूच विचारी, ‘बाई, पोपच्या देशात माणसं किती हो?’ की तास संपला.

लोकसंख्येची दाटी शिकवायची माझी एक रीत होती. गणित म्हणून ते सोपं आहे. माणसं मोजायची, जमीन मोजायची आणि एका चौरस मैलाच्या वाट्याला किती माणसं येतात ते पाहायचं. मुलींना ते पाठ व्हायचं, कळायचं नाही. मग मी फरशीवर खडूनं दोन चौकोन काढायची, एक अर्ध्या वर्गाएवढा आणि एक पाटाएवढा. मोठ्या चौकोनात पाऊण वर्ग उभा करून आणखी एक मुलगी आत ढकलली तर कोणाला पत्ता लागत नसे. पाटावर तिघी कशाबशा उभ्या असत, आणि चौथी शिरली की किंचाळ्या. ‘छोट्या देशाचं हे असं असतं,’ मी म्हणायची. ‘एक पाहुणा आला तरी सगळा आकडा हलतो.’

हे घरी सांगितलं की आमचे हे हसायचे. ते जमीन-मोजणीच्या खात्यात होते आणि नाकासमोर चालणारा माणूस म्हणजे काय याचा नमुना होते. ‘पाहुणा मोजायचाच नसतो,’ ते म्हणायचे. ‘पाहुणा त्याच्या घरी मोजला जातो.’ मी म्हणायची, आणि तो घरी नसेल तर? त्यावर ते वर्तमानपत्र वर करायचे. आमचं लग्न होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि भांडायला आम्हांला असलेच विषय मिळत.

ही गोष्ट त्रेपन्न किंवा चौपन्न सालची. चांद्याचं तेव्हा चंद्रपूर झालं नव्हतं. गडचिरोलीला कोणी जिल्हा म्हटलं असतं तर लोक हसले असते. परकोटाच्या आत गाव होतं, परकोटाबाहेर ऊन होतं, आणि पूर्वेला नद्या ओलांडल्या की जंगल, ते कुठं संपतं हे आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या. त्यांच्या कागदांवर नावं असलेली शेकडो गावं खरोखर आहेत की नुसतीच नावं उरलीत, हे पाहायला मोजणीची माणसं जंगलात पाठवत होते. ह्यांच्या वाट्याला आलापल्लीपलीकडचा भाग आला होता. नियम असा होता, की ज्या वस्तीत रात्री छपराखाली झोपलेली निदान वीस माणसं सापडतील ते गाव. कमी सापडली तर ते ‘रिठी’, म्हणजे उजाड. रिठी झालं की त्याची जमीन आणि झाडं जंगलाच्या हद्दीत जाणार आणि असतील ती माणसं सडकेवरच्या मोठ्या गावात आणून बसवणार.

शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या. मी हट्ट धरला आणि बरोबर निघाले. शेजारणींनी वाघ, हिवताप आणि काविळीची इतकी वर्णनं केली की मी जणू परत यायचीच नव्हते. एकीनं तर माझ्या लोणच्याच्या बरण्यांची चौकशीही करून ठेवली.

गोंडपिपरी

पहिला मुक्काम गोंडपिपरीला, ह्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडं. दार उघडं, अंगण सारवलेलं, आणि घरातल्या बाईनं आम्ही कोण हे विचारायच्या आधी पाय धुवायला पाणी आणून ठेवलेलं. जेवायला भात, तुरीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी आणि जवसाची चटणी. माझ्या माहेरी, पुण्यात, वाढताना ‘पुरे’ म्हटलं की वाढणारीचा हात जागच्या जागी थांबतो. इथं ‘पुरे’ म्हटलं की आधीच्या दुप्पट पडतं, हे मला दुसऱ्या वाढीनंतर कळलं. हे मात्र शहाण्यासारखं ताटावर आडवे झाले आणि वाचले.

दुसऱ्या दिवशी वैनगंगा ओलांडायला डोंग्यात बसलो. चैत्रातली नदी, पात्र रुंद आणि पाणी कमी, पण वारा भलताच. मध्यावर आल्यावर ह्यांची खाकी साहेबी टोपी उडाली. ती उलटी पाण्यावर बसली आणि डौलात तरंगत दक्षिणेला चालती झाली. हे उभे राहिले, डोंगा कलला, नावाडी ओरडला आणि मी ह्यांचा सदरा धरून खाली ओढलं. टोपीशिवाय जंगलात जायचं म्हणजे अधिकारच बुडाला असा चेहरा करून ते आष्टीच्या काठापर्यंत गप्प होते. तिथं मी त्यांच्या डोक्याला माझा टॉवेल बांधला. तो टॉवेल पुढं आमच्या फार उपयोगी पडला असं मला अजून वाटतं.

आलापल्ली

आलापल्लीला सागवानाचे ढीग, करवतींचा आवाज आणि भुशाचा वास. इथून पुढं मोटार नव्हती. एक रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, ठरवून ठेवली होती आणि तिच्याबरोबर सोनबा कोतवाल.

सोनबा जवळच्याच एका गावचा, चाळिशीचा, बोलायला एकदम मोकळा. त्याला माडिया लोकांची भाषा यायची, म्हणून दुभाष्या तोच. मला पाहून त्यानं ह्यांना विचारलं नाही, मलाच विचारलं.

‘तुमी काऊन आल्या बाई? तिथी पाहाले काई नाई.’

मी म्हटलं, माणसं पाहायला आले.

‘मानसं तं चांद्यालेच लई हायेत,’ तो म्हणाला आणि बैलांच्या पाठीवर हात टाकला.

वाटेवर साग निष्पर्ण उभा होता आणि त्यात मधूनच पळस पेटलेला. पानगळीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बैल चालले तरी पुढं कोणी पळतंय असं वाटायचं. नाल्याच्या उतारावर रेंगी एका बाजूला झुकली आणि माझा चकल्यांचा डबा बाहेर पडून फुटला. डाव्या बैलानं त्यातल्या अर्ध्या चकल्या तिथंच संपवल्या. सोनबा म्हणाला, आता हा बैल चांद्याचा झाला, याला कडबा गोड लागणार नाही. ह्यांनाही हसू आलं. टोपी गेल्यापासून पहिल्यांदाच.

तिसऱ्या प्रहरी आम्ही इरुकटोल्याला पोचलो.

इरुकटोला

गाव रिकामं होतं. सहा घरं, बांबूच्या कुडाची, गवतानं शाकारलेली. प्रत्येक दारावर एक काठी आडवी लावलेली. कुलूप नाही, कडी नाही. कोंबड्यासुद्धा नव्हत्या. मध्यावर एक मोठं उघडं छप्पर होतं, गोटुल, जिथं गावची तरुण मंडळी जमतात आणि पाहुण्यांना उतरवतात. त्याच्यापुढं एका सालईच्या झाडाखाली गावदेवाचा दगड. राख थंड, माठ पालथे. वाऱ्यानं पानं या अंगणातून त्या अंगणात जात होती, तेवढीच काय ती हालचाल.

ह्यांनी सगळ्या घरांना एक फेरी मारली आणि गोटुलात येऊन बसले. ‘रिठी,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण शंकाही नव्हती.

मी म्हटलं, ‘मे महिन्यात आमच्या माहेरची अख्खी आळी कोकणात जाते. दारांना कुलपं असतात. मग सदाशिव पेठ रिठी लिहाल का?’

‘ते परत येतात.’

‘आणि हे लोक माठ पालथे घालून गेलेत. कायमचा जाणारा माणूस माठ घेऊन जातो.’

त्यांनी लगेच परत फिरायचं नाव मात्र काढलं नाही. सोनबा एवढ्यात हवेचा वास घेत होता. मोहाचे दिवस आहेत, तो म्हणाला, सगळी माणसं आपापल्या झाडांपाशी गेली असतील. इथं कोणता मोह कोणत्या घराचा हे ठरलेलं असतं. पहाटे फुलं पडतात आणि उशीर केला तर अस्वल आधी येतं, म्हणून या दिवसांत माणसं झाडाखालीच राहतात.

आम्ही त्याच्या मागून गेलो. अर्धा कोस चालल्यावर तो वास मलाही आला, गोडसर, जड, डोक्यात शिरणारा. मग झाडं दिसली. मोहाला पान नव्हतं, नुसती फुलं. खाली जमीन झाडून लख्ख केलेली, आणि एका बाजूला डहाळ्यांची पालं. एका मोठ्या झाडाखाली एक म्हातारा चटईवर पसरलेली फुलं हातानं परतत बसला होता. तो लालसू, गावचा गायता, म्हणजे मुख्य. शेजारी त्याची सून होती. तिचे दिवस भरत आले होते, तरी ती टोपली उचलून ठेवत होती. तिनं मला ओंजळभर ताजी फुलं दिली. मी हावरटासारखी खाल्ली आणि थोड्याच वेळात झाडाचा आधार घेऊन बसले. ती सून तोंडावर पदर धरून हसली. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण त्या हसण्यानंतर आमची मैत्री झाली.

सोनबानं लालसूला आमचं येण्याचं कारण सांगितलं. वीस माणसं, छपराखाली, नाहीतर सडकेवरचं गाव. लालसूनं ऐकून घेतलं. तो रागावला नाही, घाबरल्यासारखाही दिसला नाही, फक्त त्याचा फुलं परतणारा हात थांबला. सडकेवर नेलेल्या माणसांचं काय होतं हे त्यानं पाहिलं होतं, सोनबानं मला नंतर सांगितलं. शेजारच्या एका टोल्याची, म्हणजे वस्तीची, माणसं गेल्या वर्षी तशी नेली होती. त्यांच्या मोहाखाली या वर्षी कोणी झाडलं नव्हतं, फुलं तशीच कुजत पडली होती.

वातावरण जड झालं, म्हणून मी मला सुचेल ते बोलू लागले, आणि मला काय सुचणार? मी लालसूला माझ्या छोट्या देशांची गोष्ट सांगितली. समुद्राकाठी असा एक देश आहे, की न्याहारी करून चालायला लागलं तर ऊन चढायच्या आत माणूस पलीकडच्या राज्यात. राजा आहे, शिपाई आहेत, स्वतःची तिकिटं आहेत. माणसांची दाटी तर अशी, की घरावर घर.

सोनबानं ते कसं सांगितलं देव जाणे. लालसू विचार करून काहीतरी बोलला.

‘तो म्हनते, मंग आमचा टोला त्याच्याहून मोठा हाये. इथून निंगाल तं आमच्या शेवटच्या मोहापाशी सांज होते.’ मग सोनबा थांबला, पुढचं ऐकलं. ‘अन् इचारून राह्यला, त्या लोकाइचे मोह कुठी हायेत?’

मी सांगितलं की त्यांना मोह नाहीत, रानही नाही, धान्य, लाकूड, सगळं दुसऱ्या देशांतून येतं. लालसूला त्यांची फार दया आली. दुसऱ्याच्या झाडावर जगणाऱ्या माणसांचं शेजाऱ्याशी भांडण झालं तर हाल, असं तो म्हणाला, आणि त्यानं मला एक निरोप दिला. त्यांचं वर्ष वाईट गेलं तर नाल्याच्या पलीकडं जागा आहे, दहा-बारा घरं सहज बसतील, त्यांनी यावं. मोनॅकोच्या राजाला तो निरोप मी आजवर पोचवलेला नाही. पण त्या दिवसापासून मी फरशीवर दाटी काढताना एक वाक्य वाढवलं: देशाखालची जमीन मोजली, आता ज्या जमिनीवर तो जगतो ती कुठं आहे ते शोधा.

संध्याकाळी परत गोटुलात येताना ह्यांनाही तो किडा लागला. काडीनं मातीत आकडे मांडून ते म्हणाले, ‘गंमत आहे. ही सहा घरं आणि अंगणं एवढीच जमीन धरली, तर तुझ्या त्या समुद्राकाठच्या देशाइतकी दाटी भरेल. आणि सगळे मोह, नाला, डोंगर धरला, तर मैलाला एक माणूस मिळायची मारामार.’

‘मग खरा आकडा कोणता?’

‘दोन्ही.’ त्यांनी काडी टाकून दिली. ‘पण मला ते विचारलेलं नाही. मला विचारलंय, छपराखाली वीस आहेत का.’

दुसऱ्या सकाळी सोनबा बातमी घेऊन आला. नाल्याच्या खालच्या अंगाला एक डोह होता. उन्हाळ्यात तो आटत आला की सगळं गाव मिळून त्यातले मासे धरी. लालसूनं ते काम आजच करायचं ठरवलं होतं.

‘आठ दिसानं करनार होते,’ सोनबा म्हणाला. ‘पानी अजून गुडघ्यावर हाये. पन तो म्हनते, आजच.’

का, ते मला दुपारी कळलं. मासे कुठंही धरले तरी त्यांची वाटणी गावात, त्या दगडापुढंच होते, आणि वाटणीला प्रत्येकानं घरी यायचं असतं. मोहाच्या ऐन दिवसांत माणसांना झाडांखालून उठवून घरी आणायची एवढी एकच रीत लालसूपाशी होती. त्यानं ती काढली. एका दिवसाची फुलं त्या रात्री अस्वलांच्या स्वाधीन झाली असणार, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

माणसं आली तशी गावाची कळाच पालटली. दारांवरच्या काठ्या निघाल्या, माठ सुलटे झाले, धूर निघू लागला, कुठून तरी कोंबड्यासुद्धा आल्या. दगडापुढं माहुलीच्या वेलाची मोठमोठी पानं ओळीनं मांडली. लालसू आणि आणखी एक म्हातारा मासे ठेवत गेले. मोठा मासा कापून, छोटे मोजून, सगळ्या पानांवर सारखंच. गायत्याला जास्त नाही, तान्ह्याला कमी नाही. आमच्याकडं पंगतीत कोण कुठं बसलंय यावर तुपाची धार ठरते, ते आठवून मला हसू आलं.

हे बाजूला उभे राहून मोजत होते. आधी माणसं, मग पानं, मग परत माणसं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘माणसं अठरा. पानं तेवीस.’

सोनबानं विचारलं. लालसूनं एकेका पानाकडं बोट करून सांगितलं. ही तीन तुमची, साहेबाचं, बाईचं आणि सोनबाचं. हे सुनेच्या पोटातल्याचं. आणि हे एका म्हातारीचं, जी लेकीकडं भामरागडच्या अंगाला गेली आहे. म्हणजे गावची माणसं वीस. लालसूच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. त्याचा हिशेब बरोबर जुळला होता.

ह्यांनी मान हलवली. पोटातलं मूल मोजता येत नाही. म्हातारी इथं नाही, तीही नाही. अठरा.

मी म्हटलं, पोटातलं मूल छपराखाली नाही असं कसं म्हणता? पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की ते जास्तच ताठ होत. मी सोनबाला म्हातारीचं विचारलं. ती कधी येणार? माहीत नाही. जिवंत आहे? असेल. मग तिचा वाटा किती दिवस काढणार?

लालसूचं उत्तर सोनबानं मला हळू, सावकाश सांगितलं. मी ते अजून त्याच्याच शब्दांत ऐकते.

‘तो म्हनते, गावात एकदा ज्याचा वाटा पानावर पडला, तो गावचा. मंग तो कुठी बी जावो. तो मेला, असा निरोप कोनी आनत नाई, तवरिक त्याचं पान मांडतेत. घरचं मानूस खाते ते. पन मांडतेत.’

ह्यांनी ते ऐकलं. आम्ही आमच्या पानांवरचे मासे सुनेनं भाजून दिले ते खाल्ले, आंबील प्यायलो. जेवताना कोणी आमच्याकडं अपेक्षेनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कोणी पाहिलं नाही. पाहुण्याला जेवताना त्या विषयाचा त्रास द्यायचा नाही, एवढी रीत त्यांच्यात होती. अंधार पडता पडता हे घरोघर जाऊन आले, आणि माणसं अठराच होती. आम्ही गोटुलात आडवे झालो. सोनबा बैलांपाशी, नाल्याकाठी रेंगीत झोपायला गेला.

सकाळी मी डोळे उघडले तेव्हा हे कडुनिंबाची काडी चावत गोटुलाच्या खांबाला टेकून उभे होते. वर पाहत होते. गवताकडं, बांबूंकडं. मी उठून बसले आणि मला ते एकदम दिसलं.

‘अहो, नियम काय आहे?’

‘तुला पाठ आहे.’

‘तुम्ही म्हणा.’

‘रात्री छपराखाली झोपलेली निदान वीस माणसं.’

‘कुठली, कोणाची, हे लिहिलंय त्यात?’

काडी थांबली. मी आयुष्यात फार कमी वेळा योग्य जागी गप्प बसले आहे, त्यातली ती एक. एवढ्यात सोनबा आला आणि त्याला काय चाललंय ते कळल्यावर म्हणाला, मले नका धरू साहेब, मी रेंगीत होतो, अन् माह्या बायकोले कळलं का मी दुसऱ्या गावचा झालो, तं ती मले त्या बी गावात घेनार नाई.

‘तुम्ही नकोच,’ हे म्हणाले. ‘तुमच्यावर आभाळ होतं.’ मग ते माझ्याकडं वळले, आणि चांद्याच्या घरी वर्तमानपत्रामागं लपणारा तो माणूस अगदी गंभीरपणानं म्हणाला, ‘नियम म्हणजे नियम. आम्ही दोघं काल इथं झोपलो होतो. मी तर घोरत होतो, याला साक्षीदार आहे.’

‘म्हणजे पाहुणा मोजायचा तर?’

‘पाहुणा नाही मोजला. छपराखालचा माणूस मोजला.’ हरले तरी मान्य करायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

सोनबानं जाऊन लालसूला सांगितलं की वीस झाले, गाव राहिलं. लालसूनं कोणते वीस हे विचारलं नाही. तो उठला, माठातलं पाणी ह्यांच्या हातावर घातलं आणि डोक्यावरच्या टॉवेलाकडं पाहून काही म्हणाला. टोपीवाले साहेब आले तेव्हा आम्ही रानात पळालो होतो, असं तो म्हणत होता, तुझ्या डोक्याला हे गाठोडं पाहिलं म्हणून बसलो.

आम्ही निघालो तेव्हा माणसं पुन्हा झाडांकडं चालली होती. सून दारावर काठी आडवी लावत होती. मी मागं वळून पाहिलं आणि मनात म्हटलं, दोन माणसं कमी झाली, आता इरुकटोल्याची दाटी एकदम घसरली.

परत चांदा

त्यानंतर आमच्या बदल्या झाल्या नाहीत असं नाही, पण फिरून फिरून आम्ही चांद्यालाच आलो. परकोटाबाहेर वस्ती वाढली, कोळशाच्या खाणी वाढल्या, गावाचं नाव बदललं. इरुकटोल्याला पुन्हा जायचं आम्ही दर उन्हाळ्यात ठरवायचो. शेजारी जसं काशीला जायचं ठरवतात तसं. गेलो नाही.

सोनबा मात्र महाकालीच्या यात्रेला चैत्रात येई, आणि आला की आमच्या ओट्यावर बसून चहा घेतल्याशिवाय जात नसे. त्याच्याकडून आम्हांला तिकडचं कळे. सुनेला मुलगा झाला. म्हातारी लेकीकडून धडधाकट परत आली आणि आपलं पान नीट मांडलं जात होतं का याची तिनं घरोघर चौकशी केली. आणि एका वर्षी सोनबानं हसत हसत सांगितलं, की डोहाची वाटणी होते तेव्हा आमची दोन पानं अजून मांडतात. साहेबाचं आणि बाईचं. सोनबाचं तिसरं तो स्वतःच जाऊन खाई. घरचं माणूस खातं, आणि आमच्या घरचं तिथं कोणी नाही, म्हणून लालसूचा नातू खातो. ‘तो पोट्टा आपलं एक अन् तुमचे दोन खाऊन खाऊन मस्त झाला,’ सोनबा म्हणाला. ज्याला ह्यांनी मोजलं नव्हतं, तोच.

ह्यांना त्याचा फार आनंद झाला होता. त्या दिवसापासून बाजारात कोणी ‘साहेब, गाव कोणतं आपलं?’ असं विचारलं, की ते माझ्याकडं एक नजर टाकून म्हणत, ‘तशी गावं दोन आहेत.’

गेल्या पावसाळ्यात हे गेले. फार आजारी पडले नाहीत, फार बोललेही नाहीत. घर एवढंसं, तरी त्यात आता इतकी जागा झाली आहे की कुठं बसावं ते कळत नाही. मुलींना मी वर्षानुवर्षं शिकवलं, की छोट्या जागेत एक माणूस कमी झालं तर सगळा आकडा पडतो. शिकवताना ते किती सोपं वाटायचं.

या चैत्रात सोनबा आला. म्हातारा झाला आहे, काठी घेऊन चालतो. पायरी चढता चढता त्यानं माझ्या कपाळाकडं पाहिलं आणि तिथंच बसला. मी चहा आणला. त्यानं तो बराच वेळ हातात धरून ठेवला. कपबशी खाली ठेवताना तो म्हणाला,

‘तिथी निरोप सांगू का बाई?’

मला ती ओळ दिसत होती, दगडापुढची, हिरव्या पानांची, आणि त्यातल्या एका पानाशेजारी दुसरं.

‘नका सांगू, सोनबाभाऊ,’ मी म्हटलं. ‘मांडू द्या.’

सोनबानं मान हलवली आणि काठी घेऊन उठला. डोह आता आटत आला असेल.